खुब्याचे दोन फॉर्म

४ मार्च, सोमवार
आजपासून दोन फॉर्म. आखूड – बारा प्रश्न, पैकीच्या पैकी अठ्ठेचाळीस. लांबडा – चाळीस प्रश्न, शंभर गुण. गुण जास्त म्हणजे त्रास कमी. खुब्याचं ऑपरेशन झालेल्या प्रत्येकाने आखूड माझ्यासमोर भरायचा, लांबडा घरी नेऊन. दवाखान्यात कायमचा कुठला ठेवायचा ते आमचे डॉक्टर सर ठरवणार.
एक शिंपीणबाई म्हणाल्या, "गेल्या चार आठवड्यांत किती दुखलं? आता चांगला दिवस धरू की वाईट?"

७ मार्च
बावीस जणांचे झाले. एकात बरा तो दुसऱ्यातही बरा. मग लांबड्याचं लोढणं कशाला? – सर. खरंच आहे.

११ मार्च
बाबा तपासणीला आले. ऑपरेशनला सहा महिने झाले. रुग्ण क्रमांक एकतीस. माझ्यासमोर बसून भराभर खुणा केल्या – सेहेचाळीस! लांबडा आईच्या पिशवीत घालून दिला.

१४ मार्च
बाबांचा लांबडा आला. एकोणचाळीस. शंभरपैकी! उठताना कळ. जिना कठडा धरून. त्या कुशीवर झोपता येत नाही. बेरीज पुन्हा केली. तेवढीच.
सर म्हणाले, "फॉर्मच गंडलेला दिसतोय." मी म्हटलं, नाही सर – मुलीसमोर बाप बराच असतो. खरं घरी लिहितो.
सर म्हणाले, "मग सगळ्यांचे आकडे मांडून आण."

१७ मार्च, रविवार
घरी गेले. बाबा मला घ्यायला तिसऱ्या मजल्यावरून खाली! "पुन्हा चढून दाखवू?" मी म्हटलं, बाबा, माझ्यापासून लपवू नका. भडकलेच. "मी बरा आहे म्हणतोय, आणि तुझा विश्वास कागदावर!"
जेवलो.

२० मार्च
सरांपुढे आकडे मांडले. क्रमांक एकतीसवर जास्त वेळ गेला. लांबडाच ठेवायचं ठरलं!

२१ मार्च
आईला फोन. म्हटलं, बाबांच्या फॉर्मने काम फत्ते केलं.
ती म्हणाली – "अगं, तो मी भरला. त्यांनी हातसुद्धा लावला नाही. त्यांचाच भरायला बसले होते. पण वाचत गेले आणि माझंच लिहीत गेले. दोन वर्षं दुखतंय. असं एकेक करून कोणी विचारलंच नव्हतं."
आणि लगेच – "तुझं काम बिघडलं का गं?"