दत्ताचं बिनलाइटीचं यंत्र

सेनगाव, पोळ्याची कर, २००५

माझ्या शाळेतल्या दोस्तानं, दत्तानं, आज चौकात यंत्र दाखवलं. म्हणे ना लाइट लागते, ना डिझेल. एकदा चक्र फिरवलं की आपलं आपण करंट काढतं. लोडशेडिंगनं सगळं गाव अंधारात, अन् त्याचा एकच बल्ब चालू. बायांनी यंत्राला हळदकुंकू वाहिलं. माझी शोभा सगळ्यात पुढं! ती वाकली तशी टेबलावरची चादर सरकली अन् खाली मला लाल चिंधी दिसली.

बॅटरीला ती चिंधी खुणेसाठी मीच बांधलेली. ट्रॅक्टरची हाय म्हणून सकाळी दत्तानं माझ्याच दुकानातून चार्ज करून नेली होती.

मी गप काहून बसलो? दोस्तीखातर? न्हाई. लोक म्हणले असते, जळतो म्हणून बोलतो. घरी येताना शोभाला सांगितलं, तर म्हणते, "असंल बॅटरी. पण लोकायनं फेटा त्यालाच बांधला ना? तुमी इतकी वर्षं मोटारी दुरुस्त करून राहिले, तुमाला काहून न्हाई सुचलं?"

फेटा! माझ्या वहीतून गणितं उतरवणाऱ्याला!

आत्ताच बॅटरी परत आणून ठेवली त्यानं. "उद्या आमदार येऊन राहिले. फुल चार्ज करून ठेव."

लाल चिंधी समोरच हाय. येऊ दे आमदार. अर्धीच चार्ज करतो.