तापलेल्या वायूची सावली

मंगळवार, दुपार

चि. चिमणीस,
अनेक आशीर्वाद.

सुखरूप पोचल्याचं कळलं. इकडे सगळं ठीक. स्वयंपाकघरातला नळ पुन्हा गळतोय. तुझे बाबा स्वतः दुरुस्त करणार म्हणून पाना शोधताहेत, म्हणजे नळ अजून बरेच दिवस गळणार.

शनिवारी नोकरीच्या निवडीसाठी तू दिलेल्या व्याख्यानाबद्दल तू फोनवर अवाक्षर काढलं नाहीस. मीही विषय टाळला.

तू सांगत होतीस, विश्वाच्या बालपणीचा मंद उजेड अजून सगळीकडून येतो आणि वाटेत दीर्घिकांचा मोठा समूह लागला की तिथे तो थोडा कमी दिसतो, सावली पडल्यासारखा. मला राहवलं नाही. भर सभागृहात उठून म्हणाले, "समूहातला वायू तर तापलेला असतो. उजेड वाढेल, कमी कसा होईल? तुझं अधिक-उण्याचं चिन्ह उलटं पडलंय." जन्मभर भौतिकशास्त्र शिकवल्याचा तोरा, दुसरं काय! तू क्षणभर माझ्याकडे बघितलंस आणि म्हणालीस, "तपासून बघते." निवड समितीतल्या तिघांनीही ते ऐकलं.

पुढच्याच चित्राला मला कळलं गं. तो वायू उजेडाला धक्का देऊन वरच्या ऊर्जेत ढकलतो, आणि तू मोजतेस ती खालची. खालच्या वर्गातली काही मुलं वर चढवली तर खालची बाकं रिकामी दिसणारच. कळलं, तरी मी बसून राहिले. तुला उत्तर येत होतं. माझी लाज राखायला तू गप्प बसलीस.

काल विभागप्रमुखांना खरं सांगायला गेले. तो माझाच जुना विद्यार्थी. विषय लोहचुंबकांचा, आकाशाचं त्याला माझ्याइतकंच कळतं. मला बघून उठून उभा राहिला. म्हणाला, "बाई, बरं झालं तुम्ही चूक पकडलीत! नाहीतर आम्ही तिलाच घेणार होतो."

मी चहा प्यायले, "असू दे, पोर आहे" म्हणाले आणि घरी आले. बाबांनाही सांगितलेलं नाही. आरशात बघवत नाही.

निवड शुक्रवारी आहे. तोंडाने सांगणं मला पुन्हाही जमणार नाही. म्हणून वरचं सगळं जसंच्या तसं उतरवून आत्ताच त्याच्या हातात देऊन आले. या ओळी त्यानंतरच्या. तुला विचारलं नाही. तू "जाऊ दे गं आई" म्हणाली असतीस, आणि मी आनंदाने जाऊ दिलं असतं.

तुझ्यासमोर यायला तोंड नाही, तरी तुझीच,
आई