रखमाबाची कवळी

प्रिय आप्पा,

लिहीन लिहीन म्हणत पावसाळा गेला. आज तुमची दवाखान्यातली खुर्ची विकत घ्यायला औरंगाबादचा माणूस येणार, म्हणून बसलो एकदाचा. तिच्यावरच बसलोय. रागावू नका!

गावोगाव भटकताना मी तुमचंच उणं काढायचो. आमचे आप्पा दाताचे डॉक्टर, एक दात उपटायला केवढे पैसे घेतात! परभणीच्या एका हॉटेलात तर भांडणच झाल्तं त्यावरून. भजी मात्र काय होती तिथं, आप्पा! असो.

आता दवाखाना आवरून राह्यलो तर कळतंय. भुलीचं औषध हैदराबादहून. दर पेशंटमागे हत्यारं उकळायची, त्याला रॉकेल. दात कोरायच्या सुया बोथट झाल्या की नव्या. स्टेशनजवळच्या या जागेचं भाडं, पेशंट येवो न येवो. "पाच मिनिटांचं काम, खर्चा कसला?" असं मी म्हणायचो आणि तुम्ही नुसतं हसायचात. एकदा तरी फटकारायचं न्हाई का?

आणि कवळ्या! हसनाबादचा रखमाबा आठवतो ना, मेंढरंवाला?

कवळीची किंमत ऐकून तुम्हाला म्हणाला, "सोन्याचे दात बसवून राह्यले का, डॉक्टर?"

"रखमाबा, रोज तोंडात ठेवा. काढली की पाण्यात."

"बराबर!" म्हणाला, आणि फडक्यात गुंडाळून ट्रंकेत ठेवली. महागाची वस्तू, लग्नाकार्यालाच घालायची! नातवाच्या लग्नात काढली तर बसेना. वाळून वाकडी झाल्ती. तुमच्याशीच भांडला, आणि तुम्ही नवी करून दिली. फुकट! असे किती रखमाबा, आप्पा? तो खर्चा शेवटी दुसऱ्याच्याच फीमध्ये जायचा ना?

मी आईला हेच म्हणालो. ती म्हणाली, "आणि खुर्ची विक तू. मंग नवा डॉक्टर सगळं नव्यानं घेईल, त्याची फी बघ!"



तर ऐका. खुर्ची विकणार न्हाई. बियाण्याच्या दुकानात कामाला लागतोय, जागेचं भाडं मी भरीन. हिच्यावर पेशंट बसवणारा डॉक्टर मिळेपर्यंत जालना सोडणार न्हाई. हसू नका!

तुमचा भटक्या,
दिनू

ता. क. दार वाजलं. मला वाटलं खुर्चीवाला, तर रखमाबा! तुम्ही गेल्याचं त्याला काल बाजारात कळलं म्हणे. रिकाम्या खुर्चीकडे बघत उभा आहे. आज कुणाचं लग्न न्हाई, आप्पा, आणि तोंडात कवळी आहे!