मान वळवण्याचा तुलनात्मक अभ्यास

४ जून, सकाळी
मान धरली. उजवीकडे वळतच नाही. ही म्हणाली, आधी ऑफिसातलं टेबल सरळ करा. टेबलाचा काय संबंध? लंब्या हेडक्लार्क झाला, त्या दिवशी मी टेबल भिंतीकडे फिरवलं, ते तत्त्वासाठी. शाळेत माझ्याच बाकावर बसायचा, आणि आता माझ्या हक्काची खुर्ची पटकावतो! त्याचं तोंड दिवसभर कोण बघणार? वायर पुरली नाही म्हणून कॉम्प्युटर डावीकडे राहिला. मान वळवून बघावं लागतं, एवढंच.

४ जून, रात्री
संकल्प: मानेवरच्या तीन उपचारांची शास्त्रीय तुलना. प्रत्येकाला एक आठवडा. दहापैकी मार्क. चिडायचं नाही.

५ जून
फिजिओथेरपीवाल्या बाई. मणक्यांवर अंगठे ठेवून हळूहळू दाबतात. याला मोबिलायझेशन म्हणतात म्हणे. आमची मांजर याहून जोरात दाबते. वर विचारतात, दिवसभर एकाच बाजूला बघता का? नसत्या चौकशा. चार मार्क.

६ जून
मंद उपचारासाठी आठवडा घालवणं अशास्त्रीय. झटका देणाऱ्या डॉक्टरांकडे गेलो. डोकं हातात धरून गप्पा मारता मारता कट्ट! जीव गेला असं वाटलं. दुसरीकडे उपचार चालू आहेत का, असं आधी विचारलं होतं. नाही म्हणालो. निकाल शुद्ध हवा. यांनाही तोच प्रश्न, एकाच बाजूला बघता का?

संध्याकाळी मालिशवाले काका. कणीक तिंबावी तसे खांदे तिंबले. मग तोच प्रश्न. तिघं एकमेकांना सामील आहेत. संताप नुसता.

७ जून
मान कुठेच हलत नाही. कुणामुळे, ते कळायला मार्ग नाही. तिघांनाही फोन करून फैलावर घेतलं. बाईंनी विचारलं, आणखी कुणाकडे गेला होतात? फोन आपटला.

१० जून
गळ्यात पट्टा. ऑफिसात बातमी, लंब्यानं स्वतः मागून बदली घेतली. आज शेवटचा दिवस. मी निरोपाच्या चहाला गेलो नाही. तत्त्व.

पाच वाजता तो माझ्या टेबलापाशी आला. उजवीकडे उभा राहिला. म्हणाला, तुझी खुर्ची मोकळी केली रे, आता तरी बोल. मला बघायचं होतं. खरंच बघायचं होतं. मान वळेना, आणि रागानं म्हणा, कशानं म्हणा, तोंडही उघडेना. बराच वेळ उभा होता. मग गेला. खुर्ची फिरवता आली असती, हे तो जिना उतरल्यावर सुचलं.

मूर्ख डॉक्टर. मूर्ख पट्टा.

२४ जून
टेबल सरळ केलं. हिच्या सांगण्यावरून नव्हे, झाडूवाल्या बाईंच्या सोयीसाठी. मान पूर्ण मोकळी. म्हणजे तिन्ही उपचार एकत्र केले की गुण येतो, हे मी सिद्ध केलं. फिजिओथेरपीवाल्या बाईंना हे कळवलं, तर हसल्या. त्यांचा एक मार्क कापला.

२६ जून
साहेबांनी लंब्याची खुर्ची मला दिली. आज बसलो. अभिनंदन वगैरे झालं.

इथून माझी जुनी जागा अगदी समोर दिसते. परवापर्यंत तिथे भिंतीकडे टेबल होतं, डावीकडे कॉम्प्युटर. म्हणजे लंब्याला दिवसभर माझी पाठमोरी मान तेवढी दिसत असणार.

त्याचा नंबर आहे माझ्याकडे. उद्या लावतो.