आधी तू सांग

११ डिसेंबर, आळंद
आडत दुकानाला पाटी लागली. संतपूरला पाठीवर पोती वाहणारा हा अंकुश आज गादीवर बसला, म्हणून मीच स्वतःला पेढा भरवला. भाड्याचं घरही झकास. मधली खोली बिनखिडकीची, पण गार. मालकीण शरणम्मा अक्का शेजारीच राहतात. "ऊट आयतेन्री?" म्हणून जेवणाची चौकशी केली आणि लगेच टोमणा मारला, की मिशी एवढी मोठी आन सोबत पातेलं एकच? माझे कान लई तिखट. तुरीची मूठ कानाशी हलवली की आत ओल किती ते सांगतो. मधल्या खोलीच्या भिंतीत कुणी श्वास घेतल्यासारखं वाटलं. अक्कांची म्हैस असेल पलीकडं.

१४ डिसेंबर
दुपारी मधल्या खोलीत पडलो होतो. भिंतीतून मास्तरासारख्या अदबशीर आवाजानं विचारलं, खायला काय आवडतं? अक्कांकडचा पाहुणा समजून सांगून टाकलं: अंबाडीची भाजी, ज्वारीची भाकर, वरून कच्चं तेल. सांगून बरं वाटलं. जन्मभर लोकांनी मला फक्त भाव विचारलाय.

१५ डिसेंबर
अक्कांनी नेमकी अंबाडीचीच भाजी पाठवली. तोंडात माती घातल्यासारखी लागली. भिंतीत मात्र कुणीतरी चवीनं जेवत होतं. बोटं चाटलेलीही मला ऐकू आली. अक्कांकडं चौकशी केली. पाहुणा नाही, म्हैस नाही. भिंतीपलीकडं मोकळं अंगण आहे.

१८ डिसेंबर
काल भिंतीनं विचारलं, आवडतं गाणं कोणतं? तोंडातून निघून गेलं: आईची जात्यावरची ओवी. आज ती आठवत नाही. चालसुद्धा नाही. भिंत गुणगुणायलीय.
घर सोडून जाऊ? माझी ओवी आत ठेवून? भल्याभल्या सावकारांपुढं मान वाकवली नाही, ती भिंतीपुढं वाकवू?

१९ डिसेंबर
आज विचारलं, सगळ्यात जिवाभावाचं काय? मुद्दामच म्हणालो, डाव्या गुडघ्याची कळ, तिच्याशिवाय करमत नाही. संध्याकाळी गुडघा मोकळा, आणि भिंत कण्हायली. पोट धरून हसलो. हिशेब कळला: जे आवडतं म्हणून सांगावं, ते ऐकणाऱ्याचं होतं.

२० डिसेंबर
आता लाडीगोडीनं विचारतंय, तुमचं स्वप्न काय? ते मी संतपूरला राहिलेल्या बायकोला, ज्योतीलाही कधी सांगितलं नाही. इथंही लिहिणार नाही.

२१ डिसेंबर
बाजारात आम्ही रुमालाखाली बोटं धरून सौदा करतो. जो आधी तोंड उघडतो, तो बुडतो. आज मीच विचारलं: तुला काय आवडतं?
 त्यालाही कुणी विचारलं नसावं. मग हळू म्हणालं, भिंतीत बसणं. गार अंधार. बाहेरचं ऐकत राहणं.
झालं. त्याची आवड माझ्याकडं आली, की ते भिंतीत कशाला थांबेल?

२२ डिसेंबर
गेलं. भिंत गप्प आहे. जिंकलो.
दुकानाला गेलो नाही. भिंतीला पाठ लावून बसलोय. गार वाटतंय. बाजारात कोण काय बोललं तेही इथून ऐकू येतं —

२३ —
अक्कांनी हाक मारली. मी व्हय म्हणायच्या आत बाहेरून कुणी व्हय म्हणालं. माझाच आवाज. अक्का म्हणाल्या, अंकुशराव, लंगडायलाव कामून?
मी हितं हाय अक्का — हितं, भिंतीत —
त्यांचे कान माझ्यासारखे न्हाईत.

दुपार
तो अंबाडीची भाजी मागून मागून खायलाय. आईची ओवी म्हणायलाय. अक्कांनी विचारलं, आता पुढं काय करायचं मनात हाय? त्यानं परत भाजीच मागितली. कसा सांगेल — ते माझ्याकडं हाय. तेवढं न्हाई त्याला गावलं.

परत
त्यानं भिंतीला कान लावलाय. माझ्याच आवाजात, अदबीनं — सपान काय तुमचं —
न्हाई. बस किती बसायचं ते. मी पोती वाहिलीत, मला दम हाय. आधी तू सां