भाऊच्या आवडीचं

नागपूर, १० फेब्रुवारी २०२५

तीर्थरूप चंपतकाकांस,
सोनिकाचा सा. न.

फोन उचलत नाही ना? मग पत्र वाचा. शी काका! बाबांच्या वर्षश्राद्धाला कावळ्याच्या पानावर खर्ऱ्याची पन्नी ठेवलीत, तेव्हा पाहुणे होते म्हणून मी पंगत वाढत राहिले. तोंडाच्या कॅन्सरनं गेलेल्या माणसाला नैवेद्य तंबाखू-सुपारीच्या खर्ऱ्याचा!

आणि काल बाबांच्या नावाचा बॅनर घेऊन आमच्या कॅन्सर पेशंटांच्या धर्मशाळेत आलात. दर रविवारी मी तिथे पेज गाळते, कारण ह्या लोकांना गिळता येत नाही. तुम्ही आणलीत संत्री, पेट्या भरभरून. तोंडात जखमा असलेल्यांना आंबट संत्री! भिवापूरच्या बायजाबाईंनी भिडेखातर एक फोड तोंडात घेतली नि कळवळल्या. वर तुमच्या गड्यानं, पिंटूनं, फोटोसाठी त्यांना तोंडावरचा पदर काढायला लावला. जाता जाता कोणीतरी जिन्यात पचकन थुंकून गेलं. ते मी पुसलं, काका. असलं पुण्य आम्हाला नको.

रुखमाकाकूला नमस्कार. लोभ आहेच, म्हणून तर एवढी चिडले.

तुमची,
सोनिका

नरखेड, १५ फेब्रुवारी

चि. सोनिकास काकाचे अनेक आशीर्वाद.

काकाले लयच झोडपलं वं तू! काकू पत्र वाचून हासून राहिली. संत्र्याचं चुकलं. आपल्या बगीच्यातला माल भाऊच्या नावानं द्यावा, एवढंच डोक्यात होतं. पिंट्याले बी झापलं. जिन्यात थुंकलो तो मीच. खोटं काहून बोलू?

पण पन्नीचं आईक. घंटाभर कावळा शिवेच ना. भाऊले काय पायजे, मले ठाऊक. पन्नी ठेवली तसा आला. वडा उचलला अन् पन्नी चोचीनं फेकून देली. भाऊच्या आवडीची वस्तू मातीत कशी राहू देऊ? उचलली, धोतराले पुसली अन् आतला खर्रा खाल्ला. तुले किळस येईन, येऊ दे.

बाकी बरं आहे. तोंड आजकाल पुरतं उघडत नाही, दोन बोटं बी जात नाहीत. भाकर दुधात कुस्करून खातो. मिरचीनं आग होते म्हणून काकू भाजी फिकीच करते. वय झालं, दुसरं काय! राग सोड वं पोरी.

तुहा काका

नागपूर, १९ फेब्रुवारी

ती. काकांस सा. न.

पत्र वाचून आधी मोरीत ओकले, मग रडले. पक्ष्यानं फेकलेलं तुम्ही तोंडात घातलंत!

हे वय नाही, काका. बाबांनीही आधी मिरची सोडली, मग भाकर. उष्णता झाली म्हणून आम्ही त्यांना ताक पाजत बसलो, आणि वेळ निघून गेली. डॉक्टरांशी मी बोलले आहे. पत्र मिळेल त्याच दिवशी काकूला घेऊन एस.टी. धरा. लवकर दाखवलं तर इलाज आहे, असं ते म्हणाले. नाही आलात तर मी येऊन ओढत आणीन, गावानं पाहिलं तरी चालेल.

दानधर्माचं नंतर बघू. मला दुसरा काका नाही.

सोनिका