फरशीवरचा गारवा

३ फेब्रुवारी, मंगळवार
घेतलं तिला! नव्या औषधाच्या चाचणीत मिगदालियाचं नाव लागलं. पोन्सेच्या इस्पितळात दोन हेलपाटे घातल्यावर! एकुलती एक लेक, एकोणचाळीस वर्षांची. पाळी आली की चार दिवस पोट धरून लोळते. दोन ऑपरेशनं झाली. आता हेच उरलंय.
नर्स म्हणाली, निम्म्या बायकांना खरं औषध, निम्म्यांना खोटी गोळी. कुणाला कुठली, ते आम्हालाही ठाऊक नसतं.
मग ठाऊक असतं कुणाला?
मलाही एक प्रश्न विचारला. हिच्या आईला हा त्रास होता का? नाही म्हणालो. पटकन.

१० फेब्रुवारी
रोज संध्याकाळी ती दुखण्याचा आकडा लिहिते. शून्य ते दहा. आज आठ. तुरीचे हिरवे दाणे घालून भात केला होता. शिवली नाही.

१२ फेब्रुवारी
स्वयंपाकघरात फरशीवर पालथी पडली होती. ऊठ म्हणालो.
"असू द्या बाबा, गार लागतं. आईसुद्धा उकाड्यात अशीच झोपायची ना?"
हो म्हणालो. पंखा लावून दिला.

१५ फेब्रुवारी
डॉमिनो खेळताना शेजारचा चागो म्हणाला, "खोटी म्हणजे साखरेची रे, म्हाताऱ्या! चाटून बघ की! तुझ्या लेकीचा प्रयोगातला ससा केलाय त्यांनी." सगळे हसले. मी डाव टाकून उठलो.

१६ फेब्रुवारी
चाटली. गोड! शुद्ध फसवणूक! रागाच्या भरात गिळलीसुद्धा.
मग आठवलं, नर्स उरलेल्या गोळ्या मोजते. एक कमी भरली तर? नाव काढतील तिचं! माझी रक्तदाबाची गोळी पांढरीच असते. तीच बाटलीत टाकली.

१७ फेब्रुवारी
पण ती मिगदालियाने घेतली तर? ती आंघोळीला गेल्यावर बाटली टेबलावर ओतली. सापडली! माझ्या गोळीला मधे चीर असते, म्हणून. काढून घेतली. आता एक कमीच भरणार.

२० फेब्रुवारी
तपासणीला गेलो तेव्हा नर्सला सगळं सांगून टाकलं. ती हसली. "आजोबा, वरचं कवच सगळ्याच गोळ्यांना गोड असतं! चक्कर नाही ना आली?" मग गंभीर झाली. "नाव राहील हिचं. पण इथे खोटी माहिती चालत नाही. आणखी काही सांगायचंय?"
नाही म्हणालो.
बसमध्ये मिगदालिया एवढंच बोलली, "माझ्या बाटलीला पुन्हा हात लावून बघा!"

२१ फेब्रुवारी
दोनदा फोन उचलला. दोनदा ठेवला.

२३ फेब्रुवारी
केला फोन. तिच्या आईलाही होतं, म्हणालो. दर महिन्याला. डॉक्टरकडे कधी नेलं नाही. नखरे म्हणायचो मी.
नर्स म्हणाली, बरं झालं सांगितलंत, दुरुस्त करते.
मागे वळलो तर मिगदालिया दारात.
"म्हणजे आई उकाड्यामुळे नव्हती झोपत फरशीवर?"
नाही.